जर्मनीत निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, आता पत्नीला कसं न्यायचं?

कोथरूडला घरी मी जर्मन शिकवते. माझ्याकडे एक अफगाण मुलगी यायची. पुण्यात शिकायला आली आणि २०२१ नंतर परतीची वाटच बंद झाली. नवरा हॅम्बुर्गला, निर्वासित म्हणून मान्यता मिळालेला. तिच्यासोबत बसून कागद वाचले, ते आणखी कुणाच्या उपयोगी पडावेत म्हणून लिहितेय.

आधी तारीख बघा. मान्यतेचा निर्णय पक्का झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत नवऱ्याने तिथल्या आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, पत्नीला आणायचंय असं लेखी कळवायचं. मुदत पाळली तर पुरेशी कमाई आणि मोठं घर यांचा पुरावा द्यावा लागत नाही. पोहोच जिवापाड जपा, फोटोही काढून ठेवा. लग्न देश सोडण्याआधीचं असेल तर भाषेचा दाखलाही लागत नाही. तरी मी तिला शिकवलंच. दवाखान्यात ‘इथे दुखतंय’ एवढं तरी सांगता यायला हवं ना!

तिथे गेल्यावर २ आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मग इंटिग्रेशन कोर्स: भाषेचे ६०० तास, कायदा-इतिहास-समाजाचे १००. काम मिळालं तरी तो अर्धवट सोडू नका. अडलं तर स्थलांतरितांची सल्ला केंद्रं फुकट मदत करतात.

आणि नवऱ्याने पासपोर्ट नवा करायला अफगाण वकिलातीत जाऊ नये, संरक्षणच धोक्यात येऊ शकतं. प्रवासासाठी निळं पुस्तक जर्मनीच देते.