हेडफोनची तुलना करताना मी कान कसा लावते

माझं काम ऐकण्याचं आहे. ध्वनिपुस्तकाचं रेकॉर्डिंग बाहेर जाण्याआधी ते शेवटचं ऐकायचं आणि चुकलेला शब्द, पान उलटल्याची सळसळ, वाचणाऱ्याच्या घशातली खरखर वेळेसकट टिपून ठेवायची. त्यामुळे माझ्याकडे तीन जोड साठलेत: कानात खोचायचे वायरवाले इयरफोन, कानावर टेकणारे घडीचे हेडफोन आणि अख्खा कान झाकणारे, बाहेरचा गोंगाट दाबणारे बिनतारी.

ते बिनतारी आले त्या दिवशी मी भाचीला उत्साहाने बोलावलं. "बघ किती स्वच्छ ऐकू येतं, जुन्यात यातलं निम्मंही कळत नव्हतं." तिने दोन्ही आलटूनपालटून लावले आणि म्हणाली, "मावशी, याचा आवाज मोठा आहे गं, एवढंच." मी मानेना. मग तिने मला न सांगता आवाज जरा खाली आणला आणि माझी ती स्वच्छता जागच्या जागी विरून गेली. रोज आठ-आठ तास ऐकणाऱ्या बाईची ही गत!

झालं असं की दोन जोडांमध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असला तर तो "मोठा" म्हणून जाणवतच नाही. तो "मोकळा", "भरदार", "स्वच्छ" अशी नावं घेऊन येतो. त्यात आपला कान सगळ्या पट्ट्यांना सारखा न्याय देत नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोनच्या प्रयोगशाळेत 1933 सालीच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू केला की खालचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त झपाट्याने ऐकू येईनासे होतात. म्हणजे जो जोड हळू वाजतोय, त्याचा बेस आपोआप किडमिडीत वाटणार. दोष मात्र बिचाऱ्या हेडफोनला.

म्हणून आवाज जुळवल्याशिवाय मी तुलनेचा एक शब्दही लिहीत नाही. पण त्याच्याही आधी येतं ते कानावर बसणं.

इयरफोनच्या रबरी टोप्या तीन मापांत मिळतात आणि बहुतेक जण मधलं माप लावून मोकळे होतात. माझे दोन कान सारखे नाहीत. डावीकडे मोठी टोपी लागते, उजवीकडे मधली. हे कळायला मला दोन वर्षं लागली, तोवर मी "या इयरफोनला बेसच नाही" असं सांगत फिरत होते. तपासायची पद्धत सोपी आहे. साधारण 40 हर्ट्‌झचा एकसुरी आवाज हळू लावा आणि इयरफोन बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर घुमारा वाढला तर कुठेतरी फट आहे. खालचे सूर त्या फटीतून निसटतात, वरच्यांना तितका फरक पडत नाही. मोठ्या हेडफोनला हीच फट चष्म्याची काडी पाडते. मी चष्मा लावूनच काम करते, म्हणून तुलनाही चष्मा लावूनच करते. कानावर टेकणाऱ्या जोडाचं आणखी वेगळं: उशी बोटभर पुढे-मागे सरकली तरी वरच्या सुरांचा रंग बदलतो. त्यामुळे तो दरवेळी काढून पुन्हा लावायचा आणि निदान तीनदा ऐकूनच मत द्यायचं.

आता आवाज जुळवणं. तो मी गाण्यावर जुळवत नाही, बोलण्यावर जुळवते. गाण्यात एका जोडाचा बेस जास्त असला की सगळाच आवाज मोठा भासतो आणि हात चुकीच्या ठिकाणी थांबतो. माणसाचं बोलणं मधल्या पट्टीत असतं, तिथे कान सगळ्यात शहाणा. एका जोडावर नेहमीच्या पातळीला बोलणं ऐकायचं, मग दुसऱ्यावर आवाज अगदी हळूपासून वर आणत तेवढाच वाटेल तिथे थांबायचं आणि आकडा लिहायचा. मग उलट, मोठ्यापासून खाली आणत थांबायचं. दोन आकडे कधीच एक येत नाहीत, त्यांच्या मधोमध ठेवायचं. फोनच्या बटणाच्या एका टप्प्यात मोठी उडी असते, म्हणून मी बारीक सरकपट्टी असलेला प्लेअर वापरते. बंद कपाचे दोन हेडफोन असतील तर पुठ्ठ्याला भोक पाडून, त्यात मोबाइलचा माइक बसवून, डेसिबल दाखवणाऱ्या अॅपवर ताडून पाहता येतं. कानात जाणाऱ्या इयरफोनला ही युक्ती चालत नाही.

पातळी ठरवताना जरा बेताने. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 40 तास असेल तर 80 डेसिबल आहे आणि 90 डेसिबलला ती 4 तासांवर येते. शिवाय मोठ्या आवाजात कान थकतो आणि थकलेल्या कानाला सगळेच जोड सारखे वाटतात.

आणखी थोडी झाडलोट. इक्वलायझर, बेस बूस्ट, "थ्रीडी" वगैरे सगळं बंद. बिनतारी हेडफोनच्या अॅपमध्ये एकदा केलेलं सेटिंग बरेचदा हेडफोनच्याच पोटात राहतं, फोन बदलला तरी जात नाही, म्हणून ते अॅप उघडून खात्री करायची. कोणता कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आटोपशीर करायची पद्धत, चालू आहे तेही बघायचं. सोनीचा एलडॅक जास्तीत जास्त 990 किलोबिट प्रतिसेकंदाने जातो, पण हवेतला सिग्नल कमी पडला की खाली उतरतो, त्यामुळे फोन खिशात आहे की टेबलावर यानेही फरक पडू शकतो. एक फसवणूक नक्की टाळा: संगणकावर एखादं अॅप माइक धरून बसलं असेल तर ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीत जातं आणि उत्तम हेडफोनसुद्धा जुन्या टेलिफोनसारखा वाजतो. मी एकदा असंच अर्धा तास ऐकून वहीत "भयंकर" असं लिहिलं होतं. मीटिंगची खिडकी मागे उघडीच होती.

मग प्रत्यक्ष ऐकणं. एका वेळी एकच प्रश्न आणि दहा-पंधरा सेकंदांचाच तुकडा. आवाजाचा नेमका पोत आपल्याला काही सेकंदांपलीकडे आठवत नाही. त्यानंतर उरतं ते आपलं मत. हेडफोन काढून दुसरा घालण्यातच ते सेकंद संपतात, म्हणून तुकडा छोटा हवा आणि फेऱ्या जास्त. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. थोडी विश्रांती. मग क्रम उलटा.

माझा लाडका तुकडा मी स्वतः बनवलाय. भाचीला फोनच्या माइकसमोर बसवून एक वाक्य म्हणायला लावलं: "चार चिमण्यांनी चमचाभर चारा सांडला." लिहिताना च एकच, पण "चार"चा च तालव्य आणि "चारा"चा दंत्य. दंत्य च मध्ये वरच्या पट्टीतली सिसकारी जास्त असते. ज्या हेडफोनमध्ये ती पट्टी दबलेली आहे, त्यात दोन्ही च जवळजवळ सारखे होतात. ज्यात ती फुगवलेली आहे, त्यात "चमचाभर" आणि "सांडला" सुईसारखे टोचतात. चांगल्या जोडात पाचही च आपापल्या जागी ऐकू येतात आणि काहीच खुपत नाही. शिवाय भाची शेजारी बसलेली असते, तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगून खऱ्या आवाजाशी ताडता येतं. फोनचा माइक स्वतःचा रंग चढवतोच, पण तो सगळ्या जोडांना सारखाच चढतो.

बेससाठी तबल्याचा डग्गा. थापेचा धक्का सगळेच देतात. मी ऐकते ती घसीट, तळवा दाबत नेताना सूर वर चढतो ती. चढताना तो एकसंध राहिला पाहिजे. मध्येच एखादा सूर फुगला की समजायचं, त्या जागी कंपनीने ढीग घातलाय. डग्गा वाजताना शेजारचा तबला किंवा गाणाऱ्याचा आवाज झाकोळतो का, तेही बघायचं. तानपुऱ्यावर मी तारांची सुटी ओळख तपासते: जवारीचा झणकार प्रत्येक तारेमागे वेगळा फुलतो की चारही तारा मिळून नुसता गुंजारव होतो. आणि टाळ्या. सभागृहातल्या टाळ्या वाईट हेडफोनवर पत्र्यावरच्या पावसासारख्या येतात, बऱ्यावर हात सुटे ऐकू येतात. पण टाळ्या कोडेकलाही जड जातात, म्हणून बिनतारी जोडाला वायर लागत असेल तर वायर लावून पुन्हा ऐका.

डावं-उजवं तपासायला मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येणारा, तुकडा लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मध्यावर यायला हवा. एका बाजूला ओढत असेल तर हेडफोन उलटा घाला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष हेडफोनचा. होती तिथेच राहिली तर आपल्या कानाचा, आणि मग कान तपासून घेतलेला बरा. इयरफोनमध्ये बरेचदा गुन्हेगार तिसराच निघतो: जाळीत अडकलेला मळ.

वीसपासून वीस हजार हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा सूर हळू आवाजात लावला की उंचवटे-खड्डे कळतात. इयरफोनमध्ये 8 हजारांच्या आसपास एक शिखर हमखास सापडतं. इयरफोन किंचित आत-बाहेर केल्यावर ते सरकलं तर ती कानाच्या पोकळीची करामत असते. खोक्यावर छापलेल्या "20 ते 20,000 हर्ट्‌झ" या आकड्याकडे मी बघत नाही. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो हे सोबत दिलेलं नसेल, तर त्यातून काहीच कळत नाही.

शांत खोलीतला निकाल प्रवासात टिकतोच असं नाही. बसच्या इंजिनाची घरघर नेमकी खालच्या सुरांवर बसते आणि खोलीत समतोल वाटलेला जोड तिथे पोकळ वाटतो. म्हणून जिथे वापरणार तिथे दुसरी फेरी. गोंगाट दाबण्याची सोय चालू आणि बंद या दोन स्थितींना मी दोन वेगळे हेडफोनच धरते, कारण बऱ्याच जोडांत त्या बटणाने आवाजाचा रंगही बदलतो.

डोळे बांधून चाचणी घ्यावी असं कुणीही सांगेल, पण हेडफोन हाताला आणि कानाला स्पर्शानेच ओळखू येतो. हार्मन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी यावर एकाच हेडफोनवर इतरांचा आवाज उतरवून ऐकवायचा मार्ग काढला. घरी ते जमणं कठीण. कोडेकची चाचणी मात्र भाची माझ्या पाठीमागे बसून बदलत घेते. मी सांगते, ती खुणा करते. दहापैकी पाच-सहा बरोबर आले तर तो फरक मला ऐकू येत नाही असंच आम्ही लिहितो, मग मला तो कितीही ऐकू आल्यासारखा वाटो.

वहीत आम्हा दोघींचे रकाने वेगळे आहेत. चढत्या सुरात मला साडेबारा हजारांनंतर शांतता असते, तिला सतराच्या पुढेही काहीतरी किणकिणत असतं. घडीच्या हेडफोनबद्दल तिच्या रकान्यात "वर टोचतो" असं आहे, माझ्या रकान्यात "छान, मऊ". दोन्ही खरं आहे, म्हणून आम्ही दोघींचे गुण कधी एकत्र करत नाही.