कंटेंट रिपॉझिटरी: अपलोडआधी शोध आणि एक्स्पोर्ट

कंटेंट रिपॉझिटरीचा, म्हणजे मजकूर आणि फाइली एकत्र साठवणाऱ्या प्रणालीचा, आराखडा करताना अनेकजण अपलोडच्या स्क्रीनपासून सुरुवात करतात. मी उलट सांगेन: आधी शोध आणि एक्स्पोर्ट पक्का करा. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा रिपॉझिटरींसाठी ठरलेल्या २००५ सालच्या जेएसआर-१७० मानकातही पहिल्या पातळीवर वाचणं, शोधणं आणि मजकूर एक्सएमएल या फाइल-स्वरूपात बाहेर काढणं होतं. लेखन दुसऱ्या पातळीवर, तर व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपून ठेवणं) आणि लॉकिंग (एकजण बदल करत असताना इतरांना बदल करू न देणं) ऐच्छिक. व्हर्जनिंग मात्र तुम्ही ऐच्छिक ठेवू नका, अगदी कळकळीनं सांगतो. दोघांनी एकच फाइल सुधारली, की पुसला गेलेला मजकूर मिळवायचा कुठून? शिवाय प्रत्येक नोंदीला कायमस्वरूपी आयडी द्या, फोल्डरच्या पाथवर विसंबू नका. फोल्डर हलला की लिंक तुटतात. परवानग्या सुरुवातीला तीनच पुरेत: वाचक, लेखक, ॲडमिन.