नागपूरच्या हवेत बेस गिटारचा सेटअप

होळीपर्यंत सुरळीत वाजणारा बेस एप्रिल-मेमध्ये पहिल्या चार-पाच फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरू लागतो. जुलैत तोच बेस बोटांना जड जातो आणि तारा फ्रेटबोर्डपासून उचलल्यासारख्या वाटतात. अशा वेळी बरेच जण नवे पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबकी भाग) किंवा नवा ब्रिज (तारांचं खालचं टोक जिथे अडकतं तो भाग) शोधायला लागतात. प्रत्यक्षात हललेली असते ती नेक, म्हणजे दांडा, आणि तीही मिलिमीटरच्या काही दशांशांनीच. म्हणून खर्चाचा विचार नंतर करा, आधी सेटअप करा, म्हणजे नेक, तारांची उंची आणि सूर जुळवा.

नेहमीच्या बेसचा स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी असतो. चारही तारा मिळून नेकवर साधारण ७५ ते ८० किलोंचा ताण असतो आणि आतला ट्रस रॉड (धातूची सळई) तो ताण तोलून धरतो. हवा कोरडी झाली की लाकडातला ओलावा निघतो, नेक सरळ होते किंवा थोडी मागे झुकते आणि सुरुवातीचे फ्रेट तारांना लागतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, नेक पुढे वाकते आणि तारा वर येतात. नागपुरात या दोन टोकांमधलं अंतर मोठं आहे. त्यात कूलरची भर पडते: दुपारी खोली कोरडीठाक असते, आणि रात्री कूलर चालला की तीच खोली ओलसर होते. त्यामुळे बेस कूलरच्या झोतात ठेवू नका. उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. नवतपात गाडीच्या डिकीत तर अर्धा तासही नको, तिथल्या उष्णतेने नटखालचा (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीखालचा) गोंदसुद्धा मऊ पडू शकतो. वाजवून झालं की बेस बॅगेत ठेवा. वर्षातून तीनदा मोजमाप घ्या: एप्रिलच्या मध्यात, पाऊस स्थिरावल्यावर जुलैत आणि थंडी लागल्यावर नोव्हेंबरात.

हत्यारं फार लागत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, ट्यूनर, कॅपो (तारा फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), ॲलन की (षटकोनी चावी) आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच). मोटरसायकलचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तोच फिलर गेज, इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. ॲलन कीबाबत मात्र घाई नको. गिटारनुसार ट्रस रॉडला ४ मिमी, ५ मिमी किंवा ३/१६ इंचाची की लागते. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. तिथे ५ मिमीची बसत नाही आणि ४.५ मिमीची सैल बसून रॉडच्या नटाचे (आवळायच्या टोकाचे) कोपरे झिजवते. एकदा ते कोपरे गोल झाले की पुढचं काम महाग पडतं. सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या) बारीक स्क्रूंना बहुतेक आयात गिटारींवर १.५ मिमीची की चालते.

क्रम मोडू नका: आधी तारा, मग नेक, मग ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची), मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा येणं), शेवटी पिकअपची उंची. नेक हलली की पुढची सगळी मापं बदलतात, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

तारा ज्या वापरणार त्याच चढवा. ४५-६५-८५-१०५ हा गेज (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशांत) बहुतेकांना पुरतो. जाड तार खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंमी ठेवून आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं सुटतं आणि तार मेल्यासारखी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे वरून खाली घ्या. ई (सर्वात जाड), ए, डी, जी (सर्वात बारीक) असं सुरात लावून एक दिवस ताण बसू द्या.

आता नेक. बेस वाजवताना धरता तसाच धरा, टेबलावर आडवा ठेवून घेतलेलं माप चुकतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फ्रेटचा माथा आणि तार यांच्यामधली फट फिलर गेजने मोजा. ०.३० मिमी हा चांगला आरंभ आहे. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला ०.२५ चालेल, जोरात ओढणाऱ्याला ०.३५ ते ०.४० लागेल. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळा, कमी असेल तर उलट. दिशा रॉडच्या नटाकडे समोरून पाहून ठरवायची. आवळण्याआधी ई आणि ए तारा थोड्या सैल करा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. पुन्हा सुरात लावा, मोजा, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा, कारण लाकूड सावकाश सरकतं. रॉडचा नट घट्ट होऊनही फट बदलत नसेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. जोर लावून रॉड तुटला तर नेकच बदलावी लागते. जुन्या धाटणीच्या काही बेसमध्ये हा नट नेकच्या टाचेत असतो आणि नेक काढल्याशिवाय दिसत नाही.

ॲक्शन सतराव्या फ्रेटवर मोजा, कॅपो काढून. ई तारेखाली २.४ मिमी आणि जी तारेखाली २ मिमी ही मापं ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (गोलाईच्या त्रिज्येच्या) फ्रेटबोर्डला जुळतात. मधल्या दोन तारा या दोघींच्या दरम्यान, फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे. सॅडल पूर्ण खाली टेकूनही तार उंच राहत असेल तर दोष नेकच्या कोनात आहे. नेक काढून ती बसते त्या बॉडीतल्या खाचेत ब्रिजकडच्या बाजूला पूर्ण रुंदीची ०.२५ मिमी जाडीची पितळी पट्टी ठेवा. तेवढ्याने सॅडलपाशी सुमारे १ मिमी फरक पडतो. घडी घातलेल्या कागदाची जाडी हाताखाली दबते, तो वापरू नका.

टोकाच्या नटच्या खाचा तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागदाचा एक कपटा सरकेल इतकी पुरे. फट अजिबात नसेल तर मोकळी तार खरखरेल. खाच खोल करणं सोपं आहे, भरणं कठीण, म्हणून फाइल हातात घेण्याआधी बाकी सगळं जुळलेलं हवं.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल नटापासून दूर न्या, उतरलेला आला तर जवळ आणा. हे काम जुन्या तारांवर करू नका. झिजलेली तार कुठेच खरा सूर देत नाही आणि सॅडल सरकवून सरकवून माणूस थकतो.

पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून जुळवा: ई तारेकडे तारेपासून पिकअपपर्यंत ३.२ मिमी, जी तारेकडे २.४ मिमी. चुंबक फार जवळ आला तर तो तारेला ओढतो, सूर डगमगतो आणि लांबलेला आवाज लवकर विरतो.

एवढं करूनही खरखर राहिली तर जागा शोधा. पहिल्या पाच फ्रेटवरच असेल तर नेक जास्त सरळ आहे, रॉड सैल करा. बाराव्याच्या पुढे असेल तर ॲक्शन खाली आहे किंवा नेकचा शेवट वर उचलला आहे. एकाच फ्रेटवर असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे: तीन फ्रेटवर टेकेल इतकी सरळ धार ठेवून बघा, ती डुलली तर मधला उंच. कुणाचा सल्ला घ्यायचा असेल तर तार, फ्रेट, गेज, ट्यूनिंग, नेकची फट, ॲक्शनची दोन मापं आणि खरखर ॲम्पमधून (ॲम्प्लिफायरमधून) येते की फक्त जवळून ऐकू येते, एवढं सांगा. “बझ येतोय” एवढ्यावर कुणीही नेमकं उत्तर देऊ शकत नाही. जवळून खरखरणारा बेस ॲम्पमधून स्वच्छ येत असेल तर बहुतेक वेळा तो सोडून देण्याजोगाच असतो.

उन्हाळ्यात फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात, कारण फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि धातू तसाच राहतो. फाइल लावण्याची घाई नको, पावसात ती बरीचशी आत जातात. रोझवुडच्या बोर्डावर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन चार-पाच थेंब लावून दहा मिनिटांनी कोरडं पुसा. खोबरेल किंवा मोहरीचं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. लॅकर केलेल्या मेपल बोर्डाला तेल लागतच नाही.

घरी सरावाला बेस लॅपटॉपच्या साध्या माइक-इनमध्ये जोडला की आवाज मेल्यासारखा येतो. पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणाऱ्या) पिकअपला सुमारे १ मेगाओहमचा इनपुट हवा, तो ऑडिओ इंटरफेसच्या (वाद्य लॅपटॉपला जोडायच्या उपकरणाच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटवर मिळतो. फोनच्या स्पीकरवर ई तार ऐकू येत नाही, तर त्यात बेसचा दोष नाही: मोकळी ई ४१ हर्ट्झवर असते आणि तो स्पीकर तिथवर पोचत नाही.

ॲम्पमधून येणारी गुणगुण वेगळी गोष्ट. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून गुणगुणही तिथेच आणि तिच्या पटींत ऐकू येते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि कूलरची मोटर बंद करून आधी फरक पाहा. मग तारांना हात लावा. गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे, काहीच बदललं नाही तर ती सुटली असण्याची शक्यता आहे. प्रिसिजन आणि जॅझ ही बेसची दोन मॉडेलं. प्रिसिजन धाटणीचा दोन भागांचा पिकअप गुणगुण आपोआप कापतो. जॅझमध्ये मात्र दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण किंवा सारखे असतानाच ती कापली जाते, एक कमी केला की परत येते. हात लावल्यावर करंट जाणवला तर वाजवणं लगेच थांबवा. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि त्याची पकड जाते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, त्याने सांगितल्याप्रमाणे खड्ड्यात पाणी टाका, पण प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका.

आता बदल. सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी बदल म्हणजे गुणगुण अडवणारी आतली तांब्याची टेप. पिकअप आणि वायरी बसतात त्या पोकळीच्या सगळ्या बाजूंना लावा, जोड एकमेकांवर ५ मिमी चढवा आणि प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्या, कारण स्वस्त टेपचा गोंद वीज वाहू देत नाही. मल्टिमीटरवर टेप आणि जॅकची बाहेरची पट्टी यांच्यात १ ओहमहून कमी यायला हवं. खरखरणारे पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे भाग) बदलायचे तर २५० किलोओहम, लॉग प्रकारचे घ्या. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २२० किलोओहमचा मिळाला तरी चालतो, पॉटमध्ये २० टक्क्यांचा फरक तसाही असतो. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यावर ४७३ छापलेलं असतं. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं, ४० वॉटचं घ्या. पाठ आधी सँडपेपरने घासा, नाहीतर जोड थंड राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात सुटतो.

पिकअप बदलणं शेवटी. जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा सुमारे ३ मिमी लांब असतो, पण काही आयात मॉडेलांत दोन्ही सारखेच असतात, म्हणून मागवण्याआधी मोजा. जोडल्यावर दोन्ही एकत्र वाजवताना आवाज पातळ आणि नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज कापतात. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा.