गरब्यात उडी मारताना लघवी थेंबते?
बडोद्यात नवरात्र म्हणजे गरबा, आणि आमच्या दांडिया बाजारातल्या कितीतरी जणी बाळंतपणानंतर नुसत्या कडेला बसून टाळ्या वाजवतात. उडी मारली की लघवी थेंबते, हे सांगायचं कुणाला? मैत्रिणींनो, लाजू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात, ते पुन्हा बळकट करता येतात.

वायू रोखताना आवळतो तशी मागची जागा आवळा आणि त्याबरोबरच लघवीची जागाही आत, वर ओढून घ्या. पोट, मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. ५-६ सेकंद धरा, मग तेवढाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं हाही व्यायामच आहे, तिथे घाई नको. असं ८-१० वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच धार रोखून सराव मात्र करू नका. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका.

फरक दिसायला साधारण ३ महिने लागतात. आषाढ लागताच सुरुवात केलीत तर घटस्थापनेपर्यंत तेवढे हाताशी असतात. लघवीत रक्त, जळजळ किंवा अंग खाली उतरल्यासारखं वाटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.