‘पहिल्याची सर नाही’ म्हणण्याआधी: जपानी युद्धकलापटाचा दुसरा भाग कसा जोखावा

सीक्वेल पाहून उठलेल्या प्रेक्षकाच्या तोंडी बहुतेक वेळा दोनपैकी एक वाक्य असतं: ‘पहिल्याची सर नाही’ किंवा ‘पहिल्यापेक्षा भारी’. ऐकणाऱ्याला दोन्हींतून काहीच हाती लागत नाही. जपानी युद्धकलापटाबद्दल नेमकं बोलायचं तर मताचा खुंटा लढतीत रोवावा. पहिल्या भागाने नायकाला एक विद्या दिलेली असते. दुसरा भाग त्या विद्येचं काय करतो आणि तिची किंमत कोणाकडून वसूल करतो, एवढं पकडता आलं की बाकीचं मत आपोआप जुळतं.

सरावाला अकिरा कुरोसावांच्या दोन जोड्या घ्या. ‘सुगाता सान्शिरो’ (१९४३) आणि त्याचा दुसरा भाग (मे १९४५). ‘योजिंबो’ (एप्रिल १९६१) आणि ‘सान्जुरो’ (जानेवारी १९६२). दिग्दर्शक एक, स्टुडिओ एक, तो म्हणजे तोहो. तरी पहिल्या जोडीतला दुसरा भाग घसरलेला आहे आणि दुसऱ्या जोडीतला स्वतःच्या पायावर उभा आहे. हा फरक कुठे पडतो ते शोधणं हाच उत्तम अभ्यास.

बसण्याआधी

आधी प्रत तपासा. १९४३चा ‘सुगाता सान्शिरो’ मूळ ९७ मिनिटांचा होता. १९४४मध्ये तो पुन्हा लावताना छाटला गेला आणि जगभर फिरलेली प्रत ७९ मिनिटांची आहे. गळालेल्या जागी मजकुराच्या पाट्या येतात. पुढे रशियातल्या संग्रहात काही तुकडे सापडले आणि ते जोडून जपानमध्ये ९१ मिनिटांची आवृत्ती निघाली. ७९ मिनिटांची प्रत पाहून ‘पहिला भाग तुटक वाटतो’ असं लिहिलंत तर दोष कात्रीचा आणि शिक्षा दिग्दर्शकाला, असं होतं. तेव्हा मताच्या पहिल्याच ओळीत प्रतीची लांबी टाका.

मग टीव्ही. ‘सान्जुरो’ची चौकट रुंद, २.३५ : १. टीव्हीचा पडदा १.७८ : १. काळ्या पट्ट्या खुपतात म्हणून झूम दाबलं तर रुंदीचा जवळजवळ चौथा हिस्सा बाहेर जातो. या चित्रपटात नऊ तरुण सामुराई एका खोलीत रांगेने बसतात, एकदम वळतात, एकदम दचकतात. विनोद त्या रांगेतच आहे. कडेचे दोघे-तिघे कापले गेले की ‘हसू कुठे यायचं?’ असा प्रश्न पडणारच. दोन्ही ‘सुगाता’ उलट जवळजवळ चौकोनी चौकटीतले आहेत. ते पडदाभर ताणले तर सान्शिरो साकारणारा सुसुमु फुजिता विनाकारण जाडा दिसतो आणि त्याच्या फेकीतला झोक मरतो. हालचाल गुळगुळीत करणारं टीव्हीचं सेटिंगही बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. मधल्या चौकटी टीव्हीने स्वतः बनवल्या की तलवारीचा झपाटा मालिकेतल्या भांडणासारखा दिसायला लागतो.

डबिंग टाळा, सबटायटल्स घ्या. पण कान जपानीकडे ठेवा. ‘जुजुत्सु’ आणि ‘जुदो’ हे दोन शब्द वेगळे ऐकू आले पाहिजेत, कारण जुनी जुजुत्सु आणि तिच्यातून निघालेला नवा जुदो, ‘सुगाता’चं सगळं भांडण त्यावरच आहे. कानो जिगोरो यांनी १८८२मध्ये तोक्योत कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली, तो काळ आणि ते गुरू या कथेमागे आहेत. चित्रपटात गुरूचं नाव यानो. सबटायटल लिहिणाऱ्याने दोन्हींना सरसकट ‘कुस्ती’ म्हटलं असेल तर कथेचा कणाच गेला.

दोनदा पाहा, वही दुसऱ्यांदा उघडा

पहिल्यांदा नुसतं पाहा. दुसऱ्यांदा प्रत्येक लढतीसाठी वहीत एक आडवी ओळ करा आणि चार गोष्टी टिपा: लढत कितव्या मिनिटाला सुरू झाली, जमीन कशी आहे, शेवटचा डाव कोणता, आणि लढत संपल्यावर कोणाचं काय गेलं. चौथा रकाना भरताना बहुतेक जण आळस करतात. निकाल मात्र तिथेच लागतो.

जोडीला एक मोजणी करा. लढतीचं एक मिनिट निवडा, दर कटला टेबलावर बोट आपटा. आकडा तीसच्या वर गेला आणि त्या मिनिटात नटाचे पाय एकदाही दिसले नाहीत, तर कसब नटाचं कमी, संकलकाचं जास्त. आखाड्यात कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. डाव पायांत असतो. मात्र कमी कट म्हणजे आपोआप चांगली लढत, असाही नियम करू नका.

आता ‘सुगाता’चे रकाने पाहू. पहिल्या भागात जुदो शिकलेला सान्शिरो जुजुत्सुवाल्या मोन्माला फेकतो आणि मोन्मा मरतो. चौथ्या रकान्यात एक जीव आणि त्याच्या मुलीचं दुःख. शेवटी वाऱ्याने लोळणाऱ्या उंच गवतात जुजुत्सुवाला प्रतिस्पर्धी हिगाकी त्याचा गळा आवळतो, सान्शिरोला तळ्यातलं कमळ आठवतं आणि मग फेक येते. जमीन, वारा, आठवण, डाव, सगळं एका धाग्यात.

दुसऱ्या भागात हीच यादी करा. एक अमेरिकन खलाशी रिक्षा ओढणाऱ्या पोराला मारतो, सान्शिरो त्याला पाण्यात फेकतो. मग अमेरिकन बॉक्सरशी सामना. तो झटक्यात संपतो, कारण बॉक्सरला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी म्हणून उभंच केलेलं नाही. चौथा रकाना जवळजवळ कोरा. १९४५च्या वसंतात, हरत आलेल्या युद्धात, हे दृश्य कशासाठी आहे ते उघड आहे, आणि मतात तसं स्पष्ट लिहावं. कुरोसावांना स्वतःलाही या चित्रपटात रस नव्हता. पहिला चालला म्हणून स्टुडिओला दुसरा हवा होता.

पण इथेच थांबू नका. हिगाकीचे दोन भाऊ कराटे घेऊन येतात. थोरला तेस्शिन साकारतो तोच र्‍युनोसुके त्सुकिगाता, ज्याने पहिल्या भागात हिगाकी केला होता. धाकटा गेन्झाबुरो विस्कटलेल्या केसांचा, हातात बांबूची फांदी घेतलेला, नो या जुन्या जपानी मुखवटानाट्यातून उठून आल्यासारखा. बर्फातल्या लढतीनंतर रात्री झोपेत हसणाऱ्या सान्शिरोला मारायला तो सरसावतो आणि हात आखडता घेतो. चित्रपटातली सगळ्यात चांगली मिनिटं ही आहेत. बॉक्सरवर चिडून झोपी गेलेला प्रेक्षक यांना मुकतो. आणखी एक गोष्ट जाणकार टिपतात: कथा १८८७ची आहे, पण ओकिनावाचं कराटे फुनाकोशी गिचिन यांनी तोक्योत जाहीरपणे दाखवलं ते १९२२मध्ये. तेव्हा हे कराटे इतिहास म्हणून घेऊ नका, भुताटकी म्हणून घ्या. तसं घेतलं की ते चालतं.

‘सान्जुरो’चा हिशेब निराळा. आधी लक्षात ठेवा की तात्सुया नाकादाई दोन्हींत आहे, पण पात्रं दोन आहेत: ‘योजिंबो’त पिस्तूलवाला उनोसुके, इथे मुरोतो हान्बेई. ‘हा परत कसा आला?’ असा गोंधळ होतो तो यामुळे. दोन्हींतला नायक एकच, भटका सामुराई, पण त्याचं नावही खरं नाही. तो पहिल्यात तुतीच्या शेताकडे पाहून स्वतःला कुवाबाताके सान्जुरो म्हणवतो, दुसऱ्यात कामेलियाच्या फुलांकडे पाहून त्सुबाकी सान्जुरो. सान्जु म्हणजे तीस, आणि तो म्हणतो की चाळिशी जवळ आली आहे. हे ठाऊक नसेल तर एक विनोद वाया जातो.

कथा शुगोरो यामामोतोंच्या गोष्टीवरून घेतलेली आहे आणि मूळ आराखडा ‘योजिंबो’च्या आधीचा, नंतर त्यात हा नायक बसवला. म्हणून ती पहिल्याची नक्कल वाटत नाही. पकडलेल्या तरुणांना सोडवायला सान्जुरो पहारेकऱ्यांना सपासप कापतो आणि लगेच त्या तरुणांच्याच कानफटात मारतो: तुमच्यामुळे एवढी माणसं मारावी लागली. एक वयस्क बाई त्याला सांगून चुकलेली असते की चांगली तलवार म्यानात राहते. चौथा रकाना भरत जातो.

आणि शेवट. सान्जुरो आणि मुरोतो हातभर अंतरावर उभे, सुमारे अर्धा मिनिट काहीच नाही. मग एकच हालचाल आणि रक्ताचा फवारा. इथे पॉज दाबू नका, पुढे पळवू नका, शेजारच्याला ‘बघ आता’ म्हणू नका. ती शांतता हीच लढत आहे. डाव उलगडायचा तो नंतर, पाव वेगाने: सान्जुरो डाव्या हाताने, उलट्या मुठीने तलवार उपसतो आणि उजव्या हाताने तिला रेटा देतो, म्हणून इतक्या कमी अंतरातही तो आधी पोहोचतो. एक तरुण ‘वाहवा’ म्हणतो तेव्हा सान्जुरो खवळतो. पहिल्या भागात आपण त्याच्या तलवारीला दाद दिली होती. इथे ती दाद आपल्याच तोंडावर परत येते.

दुसऱ्यांची मतं चाळताना

ज्यात एकाही लढतीचा उल्लेख नाही ते मत सोडून द्या. पहिला भाग न पाहता लिहिलेलं मत वाचावं, पण वेगळ्या खणात ठेवावं. चित्रपट एकटा उभा राहतो का, हे त्यावरूनच कळतं. आणि अर्धवट सीक्वेल ओळखा. ‘रुरोनी केन्शिन’चे २०१४चे दोन भाग ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये पाठोपाठ आले; ‘क्योतो इन्फर्नो’ अधांतरी संपतो, केन्शिनची उलट्या धारेची तलवारही त्यातच मोडते. ‘शेवट नाही’ म्हणून त्याला तारे कमी देणं म्हणजे मध्यंतरात उठून निकाल देणं. दोन्ही मिळून जवळपास साडेचार तास होतात, ते एका बैठकीत नाही तरी एका आठवड्यात संपवा.

लिहिताना

अडीचशे-तीनशे शब्द पुरतात. पहिल्या वाक्यात निकाल आणि प्रत. मग दोनच लढती, एक पटलेली आणि एक फसलेली, मिनिटासकट. कथानक पहिल्या अर्ध्या तासापलीकडे सांगू नका. तारे द्यायचेच असतील तर पहिल्या भागाला किती दिले असते तेही शेजारी लिहा, नाहीतर साडेतीन म्हणजे कौतुक की टोमणा ते कळत नाही. लिहून झालं की ‘थरारक’, ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या जागी जमीन कशी होती ते लिहा: गवत, बर्फ, की अंगणातली धूळ.