पंखा फिरत नाही म्हणजे मोटर गेली असं नाही

वागळे इस्टेटला माझं ऑटो वायरिंगचं दुकान आहे. मे महिन्यात घोडबंदर रोडवरून फोन येतात ते बहुधा एकाच तक्रारीचे: "गायमुखला ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की इंजिनच्या तापमानाचा काटा चढतो, रस्ता मोकळा झाला की उतरतो." गाडी पळताना समोरची हवा रेडिएटर थंड करते, उभ्या गाडीला ती पंख्यानेच मिळते. म्हणून काटा फक्त उभ्या गाडीत चढत असेल तर आधी पंखा बघा. पळत्या गाडीतही चढत असेल तर थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा तुंबलेला रेडिएटर, तो वेगळा विषय.

रस्त्यातच काटा चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावून ब्लोअर फुल करा आणि जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. आतल्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की एकदम उसळतं. हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

इंजिन थंड झालं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, बघा. ते कमी असेल आणि तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडला असेल तर त्याला खरं तापमान कळतच नाही, मग पंखा लागत नाही आणि काटाही खोटं सांगतो.

आता इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा लागतो. लागला तर मोटर ठीक आहे, संशय सेन्सरवर. नाही लागला तर फ्यूज बॉक्स उघडा. पंख्याचा फ्यूज साधारण 30 किंवा 40 अँपियरचा असतो. नवा टाकून लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर शॉर्ट आहे. त्यापेक्षा मोठा फ्यूज कधीच टाकू नका, वायरिंग जळतं. रिलेसाठी (पंख्याला करंट सोडणारा छोटा स्विच) त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, अदलाबदल करून बघा. हात घालताना सांभाळा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक लागतो.

यानंतर पंख्याचा कपलर, म्हणजे तारांचा प्लग, काढून तिथे सप्लाय बघायचा. दोन तारांचा साधा पंखा असेल तरच. मॉड्यूलवाल्याला, म्हणजे ज्याचा स्पीड इलेक्ट्रॉनिक डबी ठरवते त्याला, ही पद्धत चालत नाही. मी मल्टिमीटरवर थांबत नाही. कुजलेल्या तारेवरही मीटर 12 व्होल्ट दाखवतो, लोड पडला, म्हणजे खरा करंट ओढला गेला, की तेच व्होल्ट कोसळतात. म्हणून जुन्या हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब लावतो.

गेल्या पावसाळ्यानंतर कासारवडवलीची एक गाडी आली. आधीच्या गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला, मग फॅन मोटर बदलली, तरी काटा चढतच होता. कपलरच्या दोन पिनांत बल्ब लावला तर मिणमिणता. मग बल्बची एक तार प्लसच्या पिनेवरच ठेवली आणि दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला लावली, तसा लख्ख पेटला. म्हणजे प्लस चांगला, अर्थ (बॉडीतून मायनसला जाणारा जोड) खराब. हेडलाइटमागे बॉडीला लावलेला अर्थचा बोल्ट गंजून हिरवा झाला होता. पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला, वर ग्रीस लावलं, पंखा फिरला. काढलेली जुनी मोटर डिकीत होती, ती बॅटरीला लावून पाहिली तर तीही चांगली. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो.

सप्लाय आणि अर्थ दोन्ही चांगले असतील तर मोटरला बॅटरीवरून थेट तारा द्या. हलकं ठोकल्यावरच फिरली तर मोटरच्या आतले कार्बन ब्रश घासलेत, तेव्हा मोटर बदला. दोन स्पीडच्या पंख्यात रेझिस्टर जळला तर पहिला स्पीड जातो आणि इंजिन फार तापल्यावरच पंखा जोरात लागतो.

काही जण पंखा चावीवर डायरेक्ट करून देतात. मी करून देत नाही. इंजिन वेळेत गरम होत नाही, पेट्रोल जास्त लागतं, मोटर लवकर झिजते आणि मूळ दोष तसाच राहतो.

काम झालं की एसी बंद ठेवून गाडी जागेवरच चालू ठेवतो. पंखा आपोआप दोनदा लागून दोनदा बंद झाल्याशिवाय चावी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही.