कोर्दोबा एका दिवसात, पायी (मधे दुपारची झोप धरून)

माद्रिदला चार दिवस असाल ना, तर त्यातला एक कोर्दोबाला देऊन टाका. अतोचा स्टेशनवरून हायस्पीड ट्रेन पावणेदोन तासांत सोडते, तिकीट आधी काढलं तर परवडतं, ऐनवेळी काढायला गेलात तर डोळे पांढरे होतात. बरेच जण सेव्हियाला जाता जाता इथे दोन तास उतरतात, मशीद बघतात आणि पळतात. तसलं काही करू नका, जमलं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला या.

का, तर मेस्कीता, म्हणजे तीच ती मशीद-कॅथेड्रल, रविवार सोडून सकाळी 8:30 ते 9:30 फुकट बघता येते (मधेच सणवार असला की बदलतं, त्यामुळे आदल्या दिवशी साइटवर वेळ बघून घ्या). पैशाचं सोडा हो, खरी गंमत म्हणजे तेव्हा आत टूर ग्रुप नसतात. आठव्या शतकात इथल्या मुस्लिम अमीरानं, पहिल्या अब्द अल-रहमाननं बांधायला घेतलेली ही वास्तू, पुढे दोनशे वर्षं एकेक जण वाढवत गेला, आज आत 850 च्या वर खांब आहेत आणि त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुमजली कमानी. बरेचसे खांब जुन्या रोमन इमारतींतून उचलून आणलेत, त्यामुळे एकाचा दगड दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. आता एक काम करा, जुन्या भागातली कमान नीट बघा, तिथे लाल म्हणजे खरी वीट आहे. मग पूर्वेकडच्या, वजीर अल्मान्झोरनं शेवटी वाढवलेल्या भागात जा, तिथे नुसता दगड आणि त्यावर लाल रंग मारलाय! बजेट संपलं असेल किंवा घाई असेल, काय माहीत, पण हजार वर्षांपूर्वीसुद्धा असले शॉर्टकट होते हे बघून मला फार बरं वाटलं. मिहराबचं (मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) सोनेरी मोझेक बघायला मान वर करून पाच मिनिटं उभे राहा. आणि मग सोळाव्या शतकात बरोब्बर मधोमध घुसवलेलं कॅथेड्रल, ते आवडेल का नाही तुमचं तुम्ही ठरवा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाहेर पडलात की एखादी बाई प्रेमानं रोजमेरीची काडी हातात द्यायला येईल. घेऊ नका, घेतली की हात बघून भविष्य सांगते आणि मग पैसे मागते.

तिथून हुदेरिया, जुना ज्यू मोहल्ला. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्हीकडच्या भिंतींची सावली मिळते, मॅप बंद करून भटका. फुलांची गल्ली दहा मिनिटांत होते, तिथे फक्त फोटोची रांग असते. 1315 चं छोटंसं सिनेगॉग मात्र चुकवू नका, आणि जवळच मायमोनिदीस या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाचा पुतळा, हात लावून लावून लोकांनी त्याचे पाय चकचकीत केलेत. वाटेवर नदीतले गोटे बसवलेले असतात, मी शहाण्यासारखी पातळ तळव्याची सँडल घालून गेले आणि संध्याकाळपर्यंत तळपाय बोंबलत होते. शूजच घाला.

जेवण एकच्या आधी मागू नका, बहुतेक ठिकाणी किचन सुरूच झालेलं नसतं. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण, ऑलिव्ह तेल वाटून केलेलं थंडगार दाटसर सूप, शाकाहारी वाटतं पण वरून हॅम आणि अंडं भुरभुरतात, म्हणून आधीच 'सिन हामोन, सिन उएवो' सांगा. आणि वांग्याचे तळलेले काप मागवा, 'बेरेन्खेनास कोन मिएल', त्यावर जो मध म्हणून ओततात तो बहुतेक ठिकाणी उसाचा असतो, म्हणजे चक्क आपली काकवी! वांग्यावर काकवी ऐकून नाक मुरडू नका, मीही मुरडलं होतं, मग दुसरी प्लेट मागवली.

दुपारी दोन ते पाच दिवसातून खोडून टाका. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, बरीच दुकानंही बंद असतात, पुणेकरांना अगदी घरच्यासारखं वाटेल. रूम असेल तर झोपा, नसेल तर नदीकाठी उन्हात फिरण्यापेक्षा एखादा एसी कॅफे पकडा.

ऊन उतरलं की सान बासिलिओ भागात घरांच्या आतले अंगण म्हणजे पातिओ बघा, पांढऱ्या भिंतीवर वरपर्यंत कुंड्या, आणि त्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला बांधलेला डबा. मे महिन्यात त्यांचा मोठा उत्सव असतो, तेव्हा यायचं तर हॉटेल फार आधी बुक करा.

शेवटी रोमन पूल, पण लगेच फोटो काढत बसू नका, आधी पलीकडे कालाओरा बुरुजापर्यंत चालत जा आणि मग मागे वळा. ग्वादाल्किवीर नदी, डावीकडे जुनं पाणचक्र, समोर मशीद आणि त्यातून वर आलेलं कॅथेड्रल, सगळं एका फ्रेममध्ये. जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो, म्हणजे परतीची गाडी दुसऱ्या दिवशीचीच काढा.